पाच दिवस लसूण बंद

नोकरीत मला पहिली तंबी मिळाली ती जवसाच्या चटणीवरून. बालाघाटला धान्याच्या सरकारी गोदामात मी नुकतीच कारकून म्हणून लागले होते. टेबलाचा कोणता खण उघडतो आणि कोणता ओढून उपयोग नाही, एवढंही अजून कळलं नव्हतं. दुपारी डबा उघडला. आईने भाकरीवर चटणीचा गोळा ठेवला होता. पहिला घास मोडते तोच एक उंच, वाळका माणूस दारात येऊन उभा राहिला. त्याने नाक वर करून दोनदा हवा ओढली आणि विचारलं, "लसूण कोणाच्या डब्यात आहे?"

"माझ्या," मी म्हटलं. "चटणी हवी का?"

ऑफिसातल्या दोघा बाबूंनी माना खाली घातल्या. हसू दाबायला असेल.

"फाटकाबाहेर जाऊन खा. चूळ भरा, साबणाने हात धुवा, मग आत या. बाहेरचा बोर्ड वाचता आला नाही का?"

बोर्ड मी वाचला होता. खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'दवाई लगी है। पाँच दिन लहसुन बंद।' मला वाटलं, कोणा साहेबाचा नेम असेल. डबा उचलून मी फाटकाबाहेर कडुलिंबाखाली जाऊन जेवले, चूळ भरली आणि परत येऊन म्हटलं, "घ्या, आता वास घेऊन पाहा." त्यांनी खरंच घेतला. माझ्या दोन्ही हातांवर हातभर अंतरावरून, गंभीर चेहऱ्याने. "चालेल," म्हणाले आणि निघून गेले.

ते आमच्या गोदामाचे तंत्र सहायक. हमाल त्यांना कागदवाले बाबूजी म्हणत, मीही तेच म्हणू लागले. ही सत्तर सालाच्या जरा आधीची गोष्ट. तांदळाला सोंडे लागतात. पूर्वी त्यावर काय काय फवारत, पण तेव्हा नव्या गोळ्या आल्या होत्या. पोत्यांच्या थप्प्यांमध्ये राखी रंगाच्या गोळ्या ठेवायच्या, दारं-खिडक्या माती आणि लेईने लिंपून बंद करायच्या आणि पाच दिवस आत कोणी पाऊल टाकायचं नाही. हवेतल्या ओलीने गोळीतून वायू सुटतो. तो सोंड्यांना मारतो. "माणसालाही मारतो," बाबूजी सांगत. "माणूस सोंड्यापेक्षा मोठा, म्हणून त्याला जरा वेळ लागतो, एवढंच." या वायूला लसणासारखा वास येतो. दवाई लागली की गोदामाच्या आवारात लसूण बंद, तो एवढ्यासाठी.

आमच्याकडे हमालांची भाजी लसणाशिवाय होत नाही. दुलीचंद म्हणून मुकादम होता, तो तर कच्ची पाकळी मिरचीबरोबर चावून खायचा. पाच दिवस तो बाबूजींना ऐकू जाईल अशा बेताने कुरकुरत असे. "इनकी दवाई से कीड़ा मरे न मरे, हम भूखे मर जाएंगे."

गंमत अशी, की स्वतः बाबूजींचा नाकावर काडीचा विश्वास नव्हता. शुद्ध वायूला वासच नसतो, वास येतो तो त्यातल्या भेसळीचा, आणि ती भेसळ पोती शोषून घेतात. मग वास संपतो आणि वायू तसाच राहतो. त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "वास आला तर वायू आहे. वास नाही आला, तर काहीच कळलं नाही."

एकदा मी विचारलं, "मंग लसणावर एवढा राग काहून, बाबूजी?" चिडले किंवा गमतीत आले की माझ्या तोंडी घरची भाषा येते.

त्यांनी हातातली बाटली खाली ठेवली. "माझ्याजवळ कागद आहे. हमालाजवळ काय आहे? नाकच ना? मग निदान ते तरी बिघडवू नका."

दुसऱ्या दिवसापासून दवाईच्या दिवसांत आईला मी चटणीऐवजी लोणचं द्यायला सांगितलं.

कागद म्हणजे गाळणकागदाच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या. त्या सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात भिजवायच्या. हवेत तो वायू नावाला जरी असला तरी पट्टी आधी पिवळी होते, मग तपकिरी, मग काळी. ऐकायला सोपं वाटतं. पण तीच पट्टी उन्हाने काळी होते, घामाच्या बोटाने डागाळते आणि नालीच्या घाणेरड्या वाफेनेही काळवंडते. म्हणून बाबूजी पट्ट्या काळ्या कापडात गुंडाळलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवत, चिमट्यानेच उचलत, आणि सोबत दुसऱ्या डब्यात शिशाच्या पाण्यात भिजवलेल्या पट्ट्या बाळगत. दोन्ही जातींच्या पट्ट्या शेजारी शेजारी टांगायच्या. दोन्ही काळ्या झाल्या तर नाली. पहिलीच काळी झाली तर दवाई. नळाचं पाणी त्या औषधाला चालत नसे, दुधाळ होई. बाबूजी मोटारींच्या बॅटरीवाल्याकडून पाण्याची बाटली आणत आणि ती अशी छातीशी धरून येत, की पाहणाऱ्याला वाटावं गंगाजल आहे.

त्या औषधाने त्यांची बोटं कायमची काळी झाली होती. नखांसकट. अनोळखी माणूस हात पुढे करून मग मागे घेई. त्यांचं लग्न झालं नाही याचं कारण हे, असं ऑफिसात सांगत. भंडाऱ्याकडून एक स्थळ आलं होतं म्हणे. मुलीच्या वडिलांनी चहा पिता पिता हळूच विचारलं, "हाताला काही... औषधपाणी चालू आहे का?" साधं 'औषधाचा डाग आहे' म्हटलं असतं तर भागलं असतं. यांनी डबा काढला आणि तास-दीड तास सगळं समजावून सांगितलं. पाहुण्यांची गाडी होती, ती त्यांनी गाठली आणि पुन्हा काही आले नाहीत. मी एकदा खरं-खोटं विचारलं, तर म्हणाले, "तास-दीड तास नाही. पंचावन्न मिनिटं."

गोदामापुरते कागद टांगले असते तर कोणी काही म्हटलं नसतं. पण ते स्टेशनवर टांगत, भाड्याच्या खोलीत टांगत, घरमालकिणीच्या चुलीपाशी टांगत. दुलीचंदच्या मुलीच्या लग्नाला आम्ही सगळे गेलो होतो. वरातीत कार्बाइडचे दिवे होते, खाणीतून आणलेले. बाबूजी वरातीच्या बाजूने चालत होते, ते एकदम थांबले, एका दिवेवाल्याजवळ गेले आणि चिमट्याने पट्टी धरली. कार्बाइडच्या वायूत थोडी दवाईच्या वायूचीच भेसळ असते, हे मला नंतर कळलं. पट्टी बघता बघता काळी झाली आणि बाबूजींचा चेहरा उजळला. ती पट्टी उंच धरून ते मला दाखवू लागले, "पाहा बाई, पाहा! एका दिव्यात!" वरपक्षाच्या बायांनी भर वरातीत काळा कागद पाहिला आणि एकच गलका झाला. कोणी करणी म्हणालं, कोणी मूठ म्हणालं. नवरदेवाच्या मामाने तर घोडी वळवायला सांगितली. दुलीचंदने हात जोडून, पाया पडून सगळ्यांना शांत केलं आणि बाबूजींना पंगतीच्या पार शेवटी, उष्ट्या पत्रावळींच्या ढिगाजवळ बसवलं. ते तिथे आनंदाने जेवले. जाताना दुलीचंदला म्हणाले, "करणी नाही, कार्बाइड आहे, हे मी त्यांना समजावून सांगतो."

"न, बाबूजी," दुलीचंद म्हणाला. "आप बस घर जाइए."

मॅनेजरसाहेबांशी त्यांचं कधीच जमलं नाही. त्यालाही एक कागदच कारण. एकदा दवाईच्या दिवसांत गोदामाच्या मागच्या भिंतीवर बाहेरून टांगलेली एक पट्टी खाली पडलेली सापडली. साहेब म्हणाले, मी तर तिकडे गेलोच नाही. बाबूजींनी पट्टी थोडा वेळ उन्हात धरली. घामाचा अंगठा तिच्यावर छान उमटला, आडव्या चिरेसकट. साहेबांच्या अंगठ्यावर तशी चीर होती, लहानपणी विळ्याने झालेली. बाबूजी एवढंच म्हणाले, "साहेब, आपका अंगूठा है." तेही सगळ्या ऑफिससमोर. मला तेव्हा वाटलं, काय गरज होती? आजही वाटतं, नव्हतीच. पण त्यांना खरं आणि सोयीचं यांत निवड करता येत नसे. दोन वस्तू आहेत हेच मुळात दिसत नसावं.

पाच दिवसांनी गोदाम उघडायचं तोही एक सोहळा असे. ट्रक रांगेत उभे, हमाल खांद्याला गमछे बांधून तयार. बाबूजी आधी मूठभर भुसा हवेत उडवून वारा पाहत. मग दार किलकिलं करून लांब बांबूच्या टोकाला पट्टी बांधून ती आत सरकवत आणि घड्याळ धरून उभे राहत. कागद जरासाही पिवळा झाला, की दारं सताड उघडून पुन्हा दोन तास. मग पुन्हा कागद. दुलीचंद ओरडे, "बाबूजी, आज खुलेगा कि अगली दिवाली?" साहेब घड्याळ दाखवत. बाबूजींचं दोघांनाही एकच उत्तर, "कागद को पूछो. कागद का कोई साहब नहीं होता."

मला हा सगळा पसारा वाटायचा. माझं काम मी चारच्या आत उरकत असे आणि त्याचा मला अभिमान होता. रजिस्टरं नीट, अक्षर नीट, खाडाखोड नाही.

माझ्या वाट्याला दवाईचं एक काम होतं. गोदामाच्या मागच्या भिंतीला लागून चौकीदाराची खोली होती, कौलारू. दवाई लावायच्या आधी ती रिकामी करायची, चौकीदाराच्या मंडळींनी पाच दिवस दुसरीकडे राहायचं, असा नियम होता. आधी बाबूजी दारातून हाक मारून पाहत. मी आल्यावर म्हणाले, "बायकांच्या खोलीत मी किती डोकावू? तुम्ही पाहत जा." तेव्हापासून खोली पाहून रजिस्टरात नोंद करायची ती मी.

ती नोंद मी त्या वर्षीच्या थंडीत न पाहता केली.

चौकीदार गेंदलाल, लांजीकडचा. शांत माणूस, कधी नजर वर करून बोलायचा नाही. सकाळी तो टेबलाशी येऊन उभा राहिला.

"खोली खाली झाली का?" मी विचारलं.

"हौ, बाई. खाली हाय."

"घरची?"

"गावाले गेली. मायसंगं."

त्याच्या बायकोचे, जशोदाचे, दिवस भरत आले होते हे मला माहीत होतं. गावाला गेली हे पटण्यासारखं होतं. खोली माझ्या टेबलापासून दोनशे पावलांवर. माझ्यासमोर कागदांचा ढीग होता आणि बाहेर गारठा होता. मी रजिस्टर ओढलं आणि लिहिलं, 'क्वार्टर खाली।' थोड्या वेळाने बाबूजींनी खिडकीतून विचारलं, "बाई, क्वार्टर?" मी म्हटलं, "खाली." ते गेले आणि गोदाम लिंपलं गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचच्या सुमाराला ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. एरवी त्यांचा आवाज तीन खोल्या ऐकू जाई. त्या दिवशी हळू बोलले.

"मागच्या भिंतीवरचे कागद पांढरे आहेत," म्हणाले. "पण क्वार्टरच्या कौलांतून धूर येतोय. तुम्ही खोली पाहिली होती?"

"गेंदलाल म्हणाला, घरची गावाला..."

"पाहिली होती का?"

"नाही," मी म्हटलं.

ते वळले. डबे उचलले आणि चालू लागले. मी मागून धावले.

खोलीच्या दाराशी गेंदलालची माय उभी होती, हातात विळा. बाळंतिणीच्या उशाखाली ठेवायचा तो. तीन दिवसांपूर्वी, पहाटे, जशोदा मोकळी झाली होती, ठरल्या वेळेच्या जरा आधी. बाळंतिणीला बारा दिवस जागेवरून हलवायचं नाही, तिच्या खोलीत परपुरुषाची सावली पडू द्यायची नाही, आणि सांगितलं तर साहेब ओरडणार. म्हणून माय-लेकांनी ठरवून टाकलं होतं, बोलायचंच नाही. दार आतून लावलं, खिडकीत बारदाना कोंबला, शेगडी पेटवली.

"बाहेर या सगळे!" बाबूजी ओरडले. "आत दवाई येत असेल!"

"काही येऊन नाई राह्यलं," म्हातारी म्हणाली. "येथं बाळंतीण हाय. तू मागं हो."

"वास येतोय, लसणाचा!"

"आता लसणाचीच सालं जाळली मी शेगडीत. ओवा टाकला, लसूण टाकला. लेकराले शेक नोको का? कोणं शिकवलं रे तुले?"

बाबूजींचं तोंड उघडं राहिलं. त्यांना तेवढ्यात काय वाटलं असेल ते मला दिसलं. ज्या वासासाठी त्यांनी अख्ख्या आवाराला पाच-पाच दिवस लसूण खाऊ दिला नाही, तो वास त्या खोलीत भरून होता, आणि त्यातला कोणता कशाचा हे सांगायला जगात कोणतंही नाक उपयोगाचं नव्हतं.

"तुम्हा दोघींना उलटी झाली का?" त्यांनी विचारलं.

"बाळंतपणात होते उलटी. मले पण झाली. शिळं खाल्लं होतं."

"आणि बाळ? दूध पितं का?"

म्हातारीने आत वळून पाहिलं. मग म्हणाली, "झोपूनच राह्यते सकाळपासून."

बाबूजी दाराकडे दोन पावलं गेले. म्हातारीने विळा उचलला. "पोरीले हवा लागन! एक पाय नोको टाकू आत!"

"हवा लागू द्या!" ते जवळजवळ रडकुंडीला आले होते. "मावशी, हवाच लागू द्या तिला!"

या भांडणातून काही निघणार नाही हे मला कळलं. मी त्यांच्या हातातून चिमटा घेतला. त्यांनी दोन्ही डब्यांतून एकेक पट्टी काढून चिमट्यात धरून दिली. "भिंतीजवळ धरा. शंभर मोजा. श्वास रोखून धरता येईल तेवढा धरा. जड वाटलं तर लगेच बाहेर." म्हातारीला मी खांद्याने बाजूला सारलं. मला तिने अडवलं नाही, मी बाई होते.

आत अंधार. डोळ्यांत धूर जाई. जशोदा खाटेवर कुशीवर पडली होती, ओठ कोरडे. मला पाहून उठायला गेली आणि पुन्हा पडली. तिच्या पोटाशी फडक्यात बाळ. मी गोदामाच्या भिंतीपाशी, त्यांच्या पत्र्याच्या पेटीजवळ पट्ट्या धरल्या आणि मोजू लागले. वीसला एक पट्टी पिवळी दिसली. चाळीसला तपकिरी. साठाच्या आत काळी, पुढे मोजायला मी थांबले नाही. शिशाची पट्टी तशीच होती, धुराने जेमतेम पिवळट झालेली.

मी पट्ट्या म्हातारीच्या डोळ्यांसमोर धरल्या. "ही पाहा. काळी झाली."

तिने पाहिलं. रसायन तिला कळणार नव्हतं. काळं कळलं. विळा खाली आला.

"करनी हाय का वं?" तिने विचारलं.

"हौ," मी म्हटलं. "करणीच आहे. या खोलीवर केली आहे कोणीतरी. क्षणभर थांबू नका."

म्हातारीने बाळ उचललं आणि ती माझ्याआधी बाहेर होती. जशोदाला मी आणि गेंदलालने दोन बाजूंनी धरून आणलं. तो फाटकावरून धावत आला होता आणि सारखं "बाई, माफ करा, बाई" म्हणत होता. मी त्याला म्हटलं, "पाय उचल."

मॅनेजरसाहेब दौऱ्यावर होते. त्यांच्या खोलीला चार खिडक्या, आणि आवारात वाऱ्याच्या वरच्या अंगाला तेवढीच खोली. बाबूजींनी चारही उघडल्या, दोन टेबलं जोडली, माझी शाल आणि दोन्ही बाबूंचे कोट त्यावर अंथरले. मोठे बाबू म्हणाले, "साहब के कमरे में जच्चा?" दुलीचंद म्हणाला, "तो क्या आपके सिर पर रखें?" बाबूजी स्वतः तोंडाला ओला गमछा बांधून परत खोलीत गेले. पेटीच्या मागे घुशीचं बीळ निघालं, थेट गोदामात जाणारं. ते चिखलाने आणि काचांनी बुजवून बाबूजी आले आणि साहेबांच्या खोलीबाहेर उभे राहिले. आत यायचं नाही हा नियम त्यांनी तिथेही पाळला.

दवाखान्यातून डॉक्टरीणबाई रिक्षाने आल्या. जशोदाला तपासून म्हणाल्या, ही उभी राहील. बाळाला उलटं-सुलटं करून पाहिलं, छातीला कान लावला. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मोकळी हवा आणि ऊब, बस. आईच्या अंगाशी ठेवा. दिवेलागणीच्या आत दूध ओढलं तर समजा वाचलं. नाही ओढलं तर दवाखान्यात आणा, पण मी काही वचन देत नाही."

साडेतीन वाजले होते.

पुढचे दोन तास मी कोणाला सांगायला घेत नाही एरवी. म्हातारी बाळाचे तळपाय चोळत होती, जशोदा छातीशी धरून पुन्हा पुन्हा तोंडात देत होती आणि बाळाचं तोंड उघडंच राहत होतं. दर दहा मिनिटांनी दाराबाहेरून आवाज येई, "घेतलं का?"

"नाही."

थोड्या वेळाने पुन्हा, "घेतलं का?"

शेवटी मी बाहेर गेले. "तुमचा कागद लावून पाहा ना बाळाला," मी म्हटलं. रागाने म्हटलं. राग माझा माझ्यावरच होता, पण समोर ते होते.

ते म्हणाले, "कागद हवेचं सांगतो. आत किती गेलं ते सांगत नाही." मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तुम्ही म्हातारीला करणी आहे म्हणालात."

"म्हणाले."

"खोटं बोललात."

"कामाचं खोटं होतं, बाबूजी. तुमच्या खऱ्याने ती हलली नसती."

ते पायाने माती उकरत होते. "असेल," म्हणाले. "पण मग रजिस्टरातलं? ते कोणाच्या कामाचं होतं?"

मी आत आले.

उन्हं कलली तेव्हा म्हातारीने बोट मधात बुडवून बाळाच्या जिभेवर फिरवलं. बाळाने तोंड मिटलं. मग पुन्हा उघडलं, आणि जशोदाने छाती दिली तेव्हा एकदा ओढलं. थांबलं. आम्ही तिघीही हललो नाही. मग पुन्हा ओढलं, आणि मग ओढतच राहिलं, नाकाने आवाज करत, कपाळाला आठ्या घालत, कोणीतरी हिसकावून घेईल अशा घाईने.

"घेतलं का?" बाहेरून आवाज आला.

"घेतलं रे बाबा, घेतलं!" म्हातारी ओरडली. "आता तरी दम धर!"

मी दारातून पाहिलं तर बाबूजी पायरीवर बसले होते, डोकं गुडघ्यांत. हमाल लांब उभे होते. कोणी जवळ गेलं नाही. थोड्या वेळाने ते उठले, ऑफिसात गेले आणि रजिस्टर घेऊन माझ्या टेबलाशी आले. कालचं पान उघडलं. माझ्याच सुबक अक्षरात, 'क्वार्टर खाली।'

"साहेब उद्या येतील," मी म्हटलं. "खुलासा मागतील. माझी नोकरी पक्की नाही, बाबूजी."

"माहीत आहे."

"सगळे वाचले. आता लिहिलंच पाहिजे का?"

"पुढच्या वेळी कोणी दुसरी बाई असेल इथे. ती हे पान वाचेल आणि समजेल, न पाहता चालतं." त्यांनी दौत माझ्याकडे सरकवली. "ही ओळ खोडू नका. खाली लिहा."

मी लिहिलं, 'क्वार्टर बिना देखे खाली लिखा गया। क्वार्टर में दो औरतें थीं।' त्यांनी वाकून वाचलं.

"आणि?"

"आणि काय? बाळ तीन दिवसांचं आहे. अजून नाव नाही त्याला. नोंदीत कसं घालू?"

"श्वास घेत होतं?"

"घेत होतं."

"मग तीन लिहा."

'दो औरतें थीं' वर मी रेघ मारली. त्या रजिस्टरातली माझी पहिली खाडाखोड. वर लिहिलं, 'तीन व्यक्ति थे,' आणि सही केली.